नसलेल्या पिशवीची सूज

टेबलावर हिराबाई, स्क्रीनवर काळं पाणी, आणि जिथं गर्भाशय दिसायला हवं तिथं काहीच नाही. मी प्रोब पुसून पुन्हा फिरवला. माझं दौंडातलं ते सेकंडहँड मशीन एरवी इतकं उदार, की पुरुषाच्या पोटातही गर्भाशय दाखवील. आज तेही हरलं.

पोटावरून सोनोग्राफी करायची तर मूत्राशय भरलेलं लागतं. त्या पाण्यातून मागचं गर्भाशय, म्हणजे आपल्याकडची 'पिशवी', स्वच्छ दिसतं. कासुर्डीच्या हिराबाई तर एवढं पाणी प्यायल्या होत्या, की भीमेची पातळी वीतभर उतरली असावी.

बाहेर त्यांची सून मंदा बसलेली. वय पंचवीस, तक्रार कंबरदुखी. दोघींच्या चिठ्ठ्या एकाच सर्जनच्या, मजकूरही एकच: पिशवी सुजली आहे, काढावी लागेल. मंदाचं ऑपरेशन गुरुवारी ठरलेलं.

"मावशी, तुमची पिशवी..."

"न्हाईच. सा वर्सांमागं काढलीया."

"मग सर्जनना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी इचारलं कुठं? लुगड्यावरनंच पोट दाबलं आन् म्हनले, सुजलीया. तवाच म्हनलं, बरा घावला."

"आणि मंदाचं?"

"तिचं बी असंच दाबलंय. माझा ल्योक कुरकुंभला कंपनीत हाय. आईचं ऐकत न्हाई, छापील कागदाचं ऐकतो. द्या छापून."

मंदाला तपासलं. गर्भाशय असं, की पुस्तकात फोटो छापावा. मी सर्जनना फोन लावला.

"सर, मंदाचं नॉर्मल आहे. आणि हिराबाईंना गर्भाशयच नाही."

"बल्की लिहा." बल्की म्हणजे फुगलेलं.

"नसलेलं बल्की कसं लिहू?"

"मग माइल्ड बल्की लिहा."

मी दोन्ही रिपोर्ट खरे लिहिले. हिराबाईंचा कॅपिटल अक्षरांत. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मुलगा आला. मी अर्थ समजावला, तरी त्यानं दोन्ही कागद उभ्यानंच दोनदा वाचले. हिराबाई पदर सावरत म्हणाल्या, "मंग गुरवारी कुनाला न्यायचं? मला का तिला?"

"कुनालाच न्हाई," तो कागदाकडं बघतच म्हणाला.

मंदाची कंबर पाण्याच्या हंड्यांनी धरली होती. पुढं ते हंडे मुलगा वाहू लागला असं हिराबाई सांगत, पण एवढी मोठी थाप मीसुद्धा मारत नाही.

सर्जननी मला पेशंट पाठवणं बंद केलं. कासुर्डीच्या बायका मात्र जीप भरून थेट येऊ लागल्या, घरूनच पाणी पिऊन. मशीनला फक्त असलेलं दिसतं. नसलेल्याची सूज ओळखायला अनुभवी हात लागतो.