राणीचा झगा आणि मास्तरांची कचरापेटी

दुरुस्तीवाल्या बाई उंबरठा न ओलांडता गावभर हिंडत. "न बोलावता आत शिरणारे पाहिले होते, पण न जाता आत शिरणारी ही पहिलीच," असं सासूबाई म्हणत; पण शेजारणीपाशी सुनेचं कौतुकही त्याच करत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरशी जोडून घ्यायचा आणि इथे बसून तिथला बाण हलवायचा. अडचण एकच. तिथे बसलेल्या माणसाच्या हातातही माउस असे, आणि बाण बिचारा एकच.

त्या सकाळी शिंपीमास्तरांचा फोन आला. नाटकातल्या राणीच्या झग्याचा साचा त्यांनी कॉम्प्युटरवर आखला होता, तो दिसेना. संध्याकाळी रंगीत तालीम, कापड पसरून तयार, आणि साच्याशिवाय कात्री लावायचा धीर होईना.

"चुकून पुसला गेला असेल, मास्तर. कचरापेटीत बघते. तुम्ही नुसते बसून राहा."

मास्तर म्हणजे टापटिपीचा पुतळा. पाहुणा येणार म्हटलं की आधी केर काढणार. बाईंनी पेटी उघडली मात्र, फसलेल्या साच्यांचा आणि हललेल्या फोटोंचा ढीग पडद्यावर आला. परक्या बाईसमोर आपला उकिरडा उघडा पडलेला पाहून मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि पेटी रिकामी करायला घेतली.

'सगळं कायमचं पुसायचं का?' अशी चौकट उमटली. बाईंचा जीव टांगणीला लागला.

"मास्तर, थांबा. मास्तर?"

ऐकायला होतं कोण? बाईंनी बाण 'नाही'कडे ओढला, मास्तरांनी 'हो'कडे. दोन सुनांच्या मध्ये सापडलेल्या सासूसारखा तो मागेपुढे करू लागला.

"याला काय हीव भरलंय?" सासूबाईंनी मागून डोकावून विचारलं.

बाईंनी कीबोर्डवरून चौकट बंद केली, कोरं पान उघडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: मास्तर, झगा कचऱ्यातच असेल. हात काढा.

बाण थबकला. मास्तरांनी फोन उचलला.

"अहो बाई, पाहुण्यांसमोर घाण कशी ठेवायची?"

"पाहुणी केर उपसायलाच आली आहे, मास्तर."

साचा अगदी तळाशी निघाला. बाईंनी तो जागेवर ठेवला; तिकडे प्रिंटर घरघरला. थोड्या वेळाने फोनमधून कापडावर चालणाऱ्या कात्रीचा आवाज येऊ लागला. मास्तर फोन बंद करायला विसरले होते. ते कळूनही बाईंनी तो बराच वेळ कानाशी धरून ठेवला.