ट्रामबाबूंची पहिली फेरी

ट्रामबाबूंची गोष्ट नेहमी एकाच ठिकाणी थांबायची. कलकत्त्यात ट्रामचा एक नवा फाटा सुरू झाला, त्या दिवसाची ती गोष्ट. हार घातलेली पहिली गाडी, पुढे वाजणारे ढोल, खिडक्यांतून आत पडणारी फुलं, सगळं रंगवून झालं की ते उजवा पाय जमिनीवर आपटायचे, कारण ट्रामचा चालक पायाने घंटी वाजवतो. "टण् टण्! और चल पडी!" असं म्हणून चहाचा कप उचलायचे. पुढे काय झालं असं कुणी विचारलं तर म्हणायचे, चहा थंड होतोय. आमच्या झाशीच्या रेल्वे ऑफिसात मी ही गोष्ट दहा-बारा वेळा तरी ऐकली असेल, पण गाडी सुटल्यानंतरचं एक अक्षर कधी ऐकलं नाही.

ते नकाशे काढणाऱ्या विभागात होते. मी कर्मचाऱ्यांचे प्रवासाचे पास बनवायच्या टेबलावर. वडील नोकरीत असतानाच गेले, म्हणून मला ती जागा मिळाली होती. त्या मजल्यावर मराठी माणसं आम्ही दोघंच, म्हणून माझे ते काका. बाकी सगळ्यांचे ट्रामबाबू. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी ही झाशीतल्या आम्हा सगळ्या मराठी माणसांचीच तऱ्हा, त्यामुळे काकांचं वाक्य मराठीत चढायचं आणि बरेचदा हिंदीत उतरायचं.

झाशीत ट्राम कधीच नव्हती. काकांचं त्यावाचून काही अडलं नाही. स्टेशनपासून इलाइट चौराह्यावरून थेट किल्ल्याखालपर्यंत त्यांनी मनातल्या मनात रूळ टाकले होते. संध्याकाळी माझ्याबरोबर चालता चालता चौराह्यावर मध्येच थांबायचे. "हे वळण काही बसत नाही गं. त्या मिठाईवाल्याचा ओटा जाणार." मिठाईवाल्याला हे माहीत होतं. तो हात जोडायचा, "ट्रामबाबू, दीवाली तक तो रहने दो!" काका मोठ्या उदारपणे मुदत वाढवून द्यायचे.

त्यांचं वेड पहिल्या फेरीचं होतं. कुठेही नवी गाडी, नवा मार्ग सुरू होणार असं कानावर आलं की हे निघालेच. रेल्वेच्या माणसाला वर्षाला थोडेसेच फुकट पास मिळतात, स्वतःसाठी आणि कुटुंबासाठी; काकांचे सगळे यातच जायचे. एकदा मी म्हटलं, काका, दुसऱ्या फेरीलाही तीच गाडी असते की! त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी शिवी दिली. "नवा रूळ चकचकीत असतो असं वाटतं ना तुला? तो तांबूस असतो, गंजलेला. त्यावरून चाकं फिरली की मग मधली रेघ उजळते. ती उजळताना बघायची असते, बेटा."

काकूंचं मागणं एकच होतं, तुळजापूर. आमची घराणी दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आली आणि कुलदेवी तिकडेच राहिली. काकूंनी देवी पाहिली नव्हती, त्यांच्या सासूनेही नव्हती. दर वर्षी त्या ओटीचा खण आणून ठेवायच्या आणि दर वर्षी काका म्हणायचे, "पुढच्या नवरात्रात, पक्कं." मीही चेष्टा करायची, "काकू, देवीच्या दारात ट्राम सुरू होऊ दे, काका एका पायावर नेतील तुम्हाला." त्या मनापासून हसायच्या. आता ते आठवलं की लाज वाटते.

कलकत्त्याच्या त्या ट्रामपायी त्या वर्षीचा शेवटचा पास गेला. काकूही बरोबर गेल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या. तेरावं झाल्यावर काका कामावर आले. ती गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही.

नवरात्र जवळ आलं तेव्हा त्यांनी माझ्यासमोर पासचा अर्ज ठेवला. झाशी ते सोलापूर आणि परत. खाली त्यांच्या सुबक अक्षरात, स्वतः आणि पत्नी. मला वाटलं, हाताची सवय.

"काका, चुकून लिहिलंत."

"चुकून नाही," ते म्हणाले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. मग घंटीनंतरची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

"मी तिला म्हटलं होतं, तिथेही देवीच आहे, कालीघाटला ओटी भर. आधी पहिली फेरी करू, मग दर्शन. खण-नारळाची पिशवी घेऊन ती माझ्या मागेच उभी होती. गर्दीने मला आत ढकललं. वळून बघतो तर ती खाली. मी हाक मारली, तिने हात वर केला आणि घंटी झाली." या वेळी त्यांनी पाय आपटला नाही. "उतरता आलं असतं गं. ट्राम धावते ती किती? चालत्या ट्राममधून म्हातारे उतरतात. पण पहिली फेरी होती ना! मी मागच्या खिडकीशी गेलो. गंजावर रेघ उजळत होती, अगदी मनात होती तशी. आणि त्या रेघेच्या टोकाशी ती उभी. लहान लहान होत गेली."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"शेवटच्या थांब्यावर भाषणं झाली. मिठाई वाटली, ती मी खाल्ली. परत यायला दीड तास लागला. तिला ना तिथली भाषा येत, ना शहर ठाऊक. ती होती तिथेच उभी, पिशवी छातीशी धरून. म्हणाली, 'झाली तुमची फेरी?' बस, इतकंच. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, 'आता कुठे नको. स्टेशनवर चला.' खण तसाच झाशीला परत आला."

काकांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "अजून तिथेच उभी दिसते मला. चौराह्यावर दिसते, स्टेशनवर दिसते. गाडी कुठलीही सुटली की तिच्या मागे हीच. कागदावर का होईना, एकदा तिला माझ्याबरोबर चढवून दे."

पलीकडच्या टेबलावरचे बडे बाबू, आमचे हेडक्लार्क, ऐकत होते. माणूस वाईट नव्हता. चष्मा पुसत हळूच म्हणाले, "बिटिया, जो नहीं रहे उनके नाम का पास नहीं बनता। नौकरी जाएगी, तुम्हारी भी, इनकी भी।"

खरंच होतं ते. माझ्या पगारावर घर चालत होतं. मी लाल पेन घेतलं आणि 'आणि पत्नी' यावर रेघ ओढली. पास तयार करून पुढे केला. म्हटलं, "काका, ओटी घेऊन जा आणि देवीला काकूंचं नाव सांगा. देवी काही पास बघत नाही."

ते त्या लाल रेघेकडे बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे या खेपेलाही मी एकट्यानेच चढायचं." त्यांनी पास परत माझ्याकडे सारला. "नको बेटा. मीही खालीच थांबतो."

आणि ते थांबले. निवृत्त होईपर्यंत घरून ऑफिसला चालत आले, चालत गेले. आगगाडी सोडाच, गावातल्या टेम्पो-रिक्षातही बसले नाहीत. चौराह्यावर मिठाईवाला हात जोडायचा, काका मान हलवून पुढे जायचे. काही वर्षांनी झाशीतच गेले. त्या पासची मुदत माझ्या टेबलाच्या खणात संपली.

नियमाने माझं काही चुकलं नव्हतं. आज तो अर्ज समोर आला तर मी बहुधा पुन्हा तेच करीन, आणि हेच मला सोसत नाही. काकूंना पहिल्यांदा खाली ठेवलं ते काकांनी. दुसऱ्यांदा मी.