साडूंची पद्मिनी पासिंगला जाते

आमचे साडू देवळात हात जोडून उभे राहिले, तरी गाभाऱ्याच्या दाराला कुठली कडी शोभेल याचाच विचार करत असणार, अशी माझी खात्री आहे. कंपनीने बनवलेली वस्तू आहे तशी वापरणं म्हणजे त्यांना दुसऱ्याचा सदरा घालून फिरल्यासारखं वाटे.

अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली, पण खरं आयुष्य गेलं ते आपल्या पद्मिनी मोटारीखाली उताणं पडून. त्या काळी गाडी सजवायची तर सामान विकत मिळत नसे, घडवावं लागे. गिअरच्या दांड्याची पितळी मूठ त्यांनी स्वतः लेथवर काढली. बोनेटवरचा गरुड टेबलफॅनच्या पात्यांतून जन्मला. सीटची कव्हरं तर उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात शिवून घेतली, मागच्या खिशांसकट. तिथला सिंधी मालक हसून म्हणाला, "साईं, गाडी को पँट पहनाओगे?" साडू गंभीरपणे म्हणाले, "पहनाएंगे. माप लो." मग दोघंही फुटपाथवर गुडघे टेकून, टेप धरून खरोखर माप घेऊ लागले. त्या खिशांत पान्हा, कंगवा आणि बडीशेप कायमची राहायला आली. गाडी रिव्हर्समध्ये टाकली की भोंगा सुरात वाजे. माझ्या पुतणीच्या पाठवणीला तो असा काही वाजला की नवरीसकट सगळा मांडव रडता रडता हसू लागला.

गाडी अशी सजलेली असतानाच एकदा ते मला तिच्यातून बदलापूरला शिरगावात घेऊन गेले होते. तिथे काही तरुण आपल्या गाड्या लावून उभे होते. एकाने मोबाइलवर बोट फिरवलं आणि गाडीखालचा उजेड निळ्याचा जांभळा झाला. मला वाटलं, साडू नाक मुरडतील. ते मात्र वाकून गाडीखाली बघत राहिले.

"काका, आपकी गाडी एकदम कडक! किट कुठून मागवलं?" त्या पोराने विचारलं.

"किट? अरे, गरुडाचं किट मिळतं का?"

"सगळं मिळतं. दोन दिवसांत घरपोच."

"म्हणजे तुम्हाला शोधायला जावंच लागत नाही?" साडूंच्या आवाजात आदर होता आणि थोडी काळजीही.

आता मूळ मुद्दा. नातेवाइकांत आजही सांगतात की साडू पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या वेळी घाबरले आणि हौस सोडून दिली. मीही ते ऐकून हसत आलो, याची टोचणी आहे. म्हणून खरं काय घडलं ते लिहितो.

जुन्या गाडीची पुन्हा नोंदणी करायची वेळ आली. तपासणी करणारा साहेब सभ्य होता. गाडीभोवती फिरून तो म्हणाला, "काका, सुंदर आहे. पण कंपनीतून आली तशी करून आणा, नाहीतर रस्त्यावर काढता येणार नाही." म्हणजे एक तर साडूंची कलाकुसर उरणार होती, नाहीतर गाडी. मेहुणीबाई म्हणाल्या, "अहो, दारात उभी राहू द्या तशीच. निदान तुमची म्हणून दिसेल."

"उभी राहिली की मेली ती," साडू म्हणाले.

आणि ते कामाला लागले. गरुड उतरला, मूठ उतरली, जीन्स उसवली. अडचण अशी, की गाडी मुळात कशी होती हेच त्यांना आठवेना! अस्सल जाळी, अस्सल आरसे, अस्सल भोंगा यांसाठी हा माणूस पाठीला पट्टा बांधून, शेअर रिक्षा बदलत, अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर अशा तिन्ही गावांची भंगारदुकानं पालथी घालत होता. आपल्याच हातांनी केलेलं सगळं पुसायला त्यांनी जेवढा जीव लावला, तेवढा मी काही घडवायलाही कधी लावला नाही.

गाडी पास झाली. संध्याकाळी ते ती घेऊन माझ्याकडे आले. पांढरीशुभ्र, शहाण्यासारखी दिसत होती.

"कशी चालते?" मी विचारलं.

"छान चालते हो," ते म्हणाले. मग त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "पण आता करायला काही उरलं नाही तिच्यात."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या नव्या वॉकरकडे गेली.

"साडूभाऊ, याला उतारावर ब्रेक नाही?"

आयुष्यात माझ्या एकाही गाडीला मी त्यांना हात लावू दिला नव्हता. भिंतीला धरून उभा राहिलो आणि वॉकर त्यांच्याकडे ढकलला.