दोरीवरचा शेवटचा चिमटा

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात त्यांच्याच गोळ्या काढत होते. नेवाशात आमचं औषधांचं दुकान आहे, आणि दर रविवारी जावळे सरांच्या आठवड्याच्या गोळ्या घेऊन मी घोडेगावला जायचे. फोन त्यांच्या पुतण्याचा होता. "ताई, काका गेले. सकाळी काकू चहा पाजायला गेल्या, तर…" पुढचं त्याला बोलवेना. गोळ्यांची पिशवी घेऊन मी बराच वेळ तशीच बसले. त्या परत कपाटात ठेवायच्या, इतकं साधं काम, पण ते माझ्याच्याने झालं नाही. संध्याकाळी नवऱ्याने केलं.

दशक्रियेला माइकवाली सगळी मंडळी हजर होती. एकाने ठणकावून सांगितलं, 'जावळे सरांकडून पिढ्या घडवल्या गेल्या.' मराठीतल्या असल्या वाक्यांची सरांना चीड होती. "सरांनी पोरं शिकवली म्हण की सरळ," असं म्हणाले असते. मागे बायकांत बसून मी चरफडत होते, कारण इतकी भाषणं झाली, पण सर शिकवायचे कसे ते एकालाही सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे आणि त्यांचा सगळा जीव पॅसिव्ह व्हॉइसमध्ये होता. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सुतळी बांधलेली असायची, तिला कपड्यांचे लाकडी चिमटे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर सर एकेक इंग्रजी शब्द ठळक लिहायचे आणि ती कार्डं चिमट्यांना टांगायचे. कुत्र्याने मांजर पकडलं, तर मांजराला उचलून पुढे आणायचं, कुत्र्याला पार शेवटच्या चिमट्यावर न्यायचं आणि त्याच्या आधी 'बाय' लावायचा. एवढं जमलं की आम्हाला वाटायचं, सुटलो. मग सर हळूच 'कव्हर्ड' टांगायचे. रस्ता धुळीने भरलाय, लावा पुढचं कार्ड. सगळा वर्ग एका सुरात 'बाय' म्हणायचा आणि सर नकारार्थी मान हलवायचे. "प्रत्येक शब्दाची सोयरीक बघावी लागते रे. धुळीचं असलं की याचं 'विथ'शी ठरलंय." 'इंटरेस्टेड'चं 'इन'शी ठरलेलं. 'नोन'चं 'फॉर'शी, कारण आमचं गाव गुरांच्या बाजारासाठी नोन फॉर. असं का, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "सोयरिकीला कारण नसतं. ती सवयीनं पक्की होते."

तास संपताना त्यांची एक रीत होती. ज्या कार्डाची जोडी आम्हाला पक्की आली, ते कार्ड चिमट्यातून ओढून सर सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "हे पोचलं." जे आलं नाही ते सुतळीवर तसंच राहायचं, उद्यासाठी. शनिवारी सरांचा खिसा फुगलेला दिसला की आम्ही घरी जाताना उगाच ताठ चालायचो.

माझे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि मी मागे आजीपाशी राहायचे. एकदा सरांनी 'लेफ्ट' टांगलं आणि माझ्याकडे बोट केलं. मी उभी राहून म्हणाले, "आय वॉज लेफ्ट विथ माय ग्रँडमदर." वर्गात कुणी हसलं नाही, निम्म्या पोरांचं तेच होतं. सरांनी कार्ड काढून खिशात टाकलं, पण "पोचलं" म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्यांच्या घरून माझ्यासाठी भाकरी यायला लागली. सरांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, आणि माझी ओळख त्या भाकरीपासूनची.

आणि दरवर्षी एक वाक्य ठरलेलं असायचं. 'मिस्टर जावळे इज मॅरिड…' एवढं टांगून सर थांबायचे. आपण मराठीत कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून सगळे 'विथ' ओरडायचे. सर 'टू' लावायचे. मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी विचारायचं, "टू हूम, सर?" सर नुसते हसायचे. शेवटचा चिमटा रिकामा राहायचा. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, अशातले ते. घरात तरी कुठे घ्यायचे? "अगं" आणि "ऐकलं का" यावर सगळा संसार झाला. लग्नात करवल्यांनी दार अडवलं म्हणून उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेवढंच, असं काकूच हसून सांगायच्या.

निवृत्तीनंतर सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जुन्या सवयीचं काहीतरी बोलायला लावा. काकूंनी पडवीत सरांच्या खाटेशी, हाताला येईल अशी सुतळी बांधली आणि ट्रंकेतली कार्डं काढली. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून प्रत्येक शब्दाखाली मी मराठी अक्षरं लिहून दिली. पहिल्या दिवशी काकू चाचरत "कव्हर्ड" म्हणाल्या. सरांचे ओठ हलले, जबडा वाकडा झाला… आणि आतून कुठून तरी "विथ" आलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. "आयकलंस का गं? बोलले."

पण गाडी तिथेच अडली. सरांना पाणी मागता येईना, दुखतंय म्हणता येईना. ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याला बोलायला शिकवलं त्याच्याजवळ फक्त ती शेपटं उरली होती, 'इन', 'फॉर', 'विथ'. तीही दुसऱ्याने सुरुवात करून दिली तरच तोंडातून यायची. मला ते बघवायचं नाही. परतताना रस्ताभर मी काहीतरी दुसरं आठवत बसायचे.

एका रविवारी मेथी निवडताना काकू म्हणाल्या, "एक मागू का? माझ्या नावाचं कार्ड करून दे."

"तुमच्या?"

"शेवटचा चिमटा रिकामाच हाय न्हवं? त्यांच्या तोंडून एकदा आयकायचं हाय मला. बाकी काय बी न्हाई आता."

मी एका पत्रिकेमागे 'शेवंता' लिहिलं आणि 'मॅरिड', 'टू' यांच्यापुढे टांगलं. काकू समोर बसून म्हणाल्या, "मॅरिड." सर म्हणाले, "टू." मग कार्डाकडे बघत राहिले. गळ्याची घाटी वरखाली झाली, आवाज आला नाही. "ऱ्हाऊ द्या, उद्या बगू," काकू म्हणाल्या. पुढे दर रविवारी मी नजरेनेच विचारायचे आणि काकू नाही म्हणून मान हलवायच्या.

मग एका रविवारी बघितलं तर तो खेळच थांबला होता. कार्डं टांगलेली होती, ती मी नीट पाहिली नाहीत, पण काकू समोर बसत नव्हत्या. न्हाऊ घालणं, भरवणं, औषध, सगळं वेळच्या वेळी व्हायचं, पण मुकाट्याने. सर खाटेवरून त्यांच्याकडे बघत असायचे. मी विचारलं तर काकू एवढंच म्हणाल्या, "कटाळले ते." मला वाटलं, तब्येत उतरली. आणि थोड्याच दिवसांत तो फोन आला.

सगळे विधी उरकून पाहुणे पांगल्यावर, गेल्या आठवड्यात, मी गेले. सुतळी तशीच होती. 'टू'च्या पुढे नुसता चिमटा. मी विचारलं, "काकू, तुमचं कार्ड?"

काकू तूरडाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांनीच काढलं. म्या मॅरिड म्हनलं, ते टू म्हनले. आन मंग डाव्या हातानं वडून काढलं आन घातलं खिशात. नाव घेनं ऱ्हायलं, टांगलेलं बी बगवंना. एवढी कसली लाज? त्या दिसापासनं म्या न्हाई बसले त्यांच्याफुडं."

क्षणभर वाटलं, सांगू नये. पण त्या रागासकट काकूंनी उरलेले दिवस काढावेत, हेही सोसवेना. "काकू," मी म्हणाले, "सर वर्गात कोणतं कार्ड खिशात टाकायचे, माहीत आहे?" आणि सांगितलं.

काकूंचा हात सुपातच थांबला. "जे आलं, त्ये?"

"जे आलं तेच. न आलेलं काढायचेच नाहीत."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजी तोंडात न्हाई आलं, पर…" पुढे थांबल्या. "आन म्या रुसून बसले. रोज बगायचे गं माझ्याकडं. मला वाटायचं, चिडल्यात." डाळीवर उगाच हात फिरवत म्हणाल्या, "त्यांच्या साळंत कदी गेलेच न्हाई मी. मला कसं कळावं?"

कार्डाचं विचारलं तर म्हणाल्या, सदऱ्यासंगं धुतलं गेलं, लगदा झाला. दुसरं करून देऊ का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

ऊन कलताना काकूंनी अंगणातल्या तारेवर साडी वाळत घातली. वारा सुटला होता, साडीचं एक टोक उडायला लागलं. तारेवरचे चिमटे संपले होते. मी पडवीत आले आणि सुतळीच्या शेवटच्या चिमट्याला हात घातला.

"त्यो नको," काकू मागून म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. अंगणात गेले आणि साडी वाळेपर्यंत ते टोक हातात धरून उभी राहिले.