बोगद्यात विझणारी फटफटी

तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. दवाखान्यातली नोकरी सोडून ती घरोघर जाणारी नर्स झाली होती. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही अशांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची. रक्त पाहून, पू पाहून, माणसाचं विव्हळणं ऐकून तिचा हात कधी थरथरला नाही. आवाजात जरब अशी, की कुरकुरणारा पेशंट आधी गोळी गिळायचा आणि मग तक्रार करायचा.

तिच्या बुडाखाली असायची बाबांची जुनी फटफटी. बाबा बसडेपोत इलेक्ट्रिशियन होते. डोळे अधू होत होत पार गेले, तेव्हा त्यांनी किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि विकू नको, चालव, एवढंच म्हणाले. त्यानंतर ते स्वतः गाडीवर कधी बसले नाहीत, मागच्या सीटवरसुद्धा नाही. दिसत नसताना वेग सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या वस्तीला लागून डोंगर होता आणि डोंगराच्या पोटातून बोगदा. पलीकडे तिचे बरेच पेशंट राहायचे. बोगदा जुना, अरुंद. आतले बहुतेक दिवे कधीचेच मेलेले. मधोमध डावीकडे वळण होतं. त्या वळणावर पोचलं की मागचं तोंडही दिसायचं नाही आणि पुढचंही. वरून पाणी ठिबकून तिथेच एक खड्डा पडला होता.

एका दुपारी ती पलीकडून परत येत होती... नाही, पलीकडे जात होती. परतीच्या वाटेवर ते वळण उजवीकडे पडतं, आणि ही गोष्ट डाव्या वळणाचीच आहे. खड्डा चुकवायला तिनं हँडल डावीकडे ओढलं आणि गाडी मेली. फट्कन. आचका नाही, धूर नाही. त्याच क्षणी समोरचा दिवाही गेला. डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार. तिनं क्लच दाबला, गाडी कशीबशी भिंतीला नेऊन टेकवली. किल्ली फिरवली, बंद केली, पुन्हा फिरवली. हॉर्न दाबला, तोही मुका. आणि मागून, लांबून, काहीतरी जड येत असल्याचा घोंगावता आवाज बोगद्यात शिरला.

तिनं किल्ली बंद केली आणि गाडी ढकलायला सुरुवात केली. कोपर भिंतीला खरचटत होतं. आवाज वाढत वाढत अगदी पाठीशी आला, उजेडाचा झोत भिंतीवरून सरकला आणि एक टँकर तिला घासूनच म्हणावं असा निघून गेला. वाऱ्याच्या झोतानं ती गाडीसकट हलली. बाहेर उन्हात आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं सवयीनं किल्ली फिरवून किक मारली, आणि गाडी पहिल्याच लाथेत सुरू झाली. जणू काही घडलंच नव्हतं. तिला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्याचीच.

तिनं घरी ताकास तूर लागू दिली नाही. बाबांना कळलं तर ते जिवाला घोर लावून घेतील. ती गेली गॅरेजवाल्याकडे. तो बुटका म्हणून सगळे त्याला छोटा पाना म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. त्यानं प्लग काढला, घासला, स्पार्क पाहिला. पॉइंट साफ केले, कॉइल दुसरी लावून बघितली. मधल्या स्टँडवर गाडी तासभर सुरू ठेवली, रस्त्यावर फेरीही मारून आला. गाडी कुठे अडखळली नाही. दुखणारा दात डॉक्टरच्या दारात दुखायचा थांबतो, तसंच हे, असं म्हणून तो हसला. सिस्टर हसली नाही.

मग तिचे दिवस विचित्र झाले.  बोगद्यात शिरताना ती श्वास रोखायची, तो दुसऱ्या तोंडाशीच सुटायचा. घराच्या गल्लीत वळताना गाडीनं एकदा बारीकशी उचकी दिली, तर ती तिथेच थांबून राहिली. इंजेक्शन भरताना हात कापतोय हे पहिल्यांदा एका पेशंटनंच तिला दाखवलं. बोगद्यापलीकडे एक गवंडी आजोबा होते. साखरेच्या आजारानं पायाला जखम झालेली, ती दिवसाआड धुवावी लागायची. ते म्हणाले, की पोरी, माझा पाय जातो का राहतो ते सांग, पण असा चेहरा करू नको. चेहऱ्याचं कारण त्यांचा पाय नाही, असं म्हणून तिनं पट्टी बांधायला घेतली. 

बाबांपासून मात्र फार दिवस लपलं नाही. डोळे गेल्यापासून त्यांचे कान तिखट झाले होते. गाडी अंगणात आली की ती आताशा लगेच बंद होत नाही, लेक थोडा वेळ तशीच बसून राहते, हे त्यांनी ओळखलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी सरळ विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

 बाबांनी एकच विचारलं.

"इंजिन गेलं तेव्हा दिवा गेला होता?"

"गेला होता. हॉर्नसुद्धा."

"छोट्या पान्याला हे सांगितलंस?"

तिनं सांगितलं होतं ते फक्त गाडी बंद पडते एवढंच. बोगद्यात अंधार असतोच, त्यात दिवा गेल्याचं वेगळं काय सांगायचं, असं तिला वाटलं होतं. बाबा म्हणाले, मग त्याचा दोष नाही. पण हे झालं रोग रेड्याला आणि औषध पखालीला. प्लग नि कॉइल इंजिन बंद पाडतील, दिवा कशाला घालवतील? बॅटरीपासून किल्लीच्या स्विचपर्यंत करंट एका वायरनं जातो, आणि तिथून पुढे इंजिनला, दिव्याला, हॉर्नला वाटला जातो. सगळं एकदम मेलं, म्हणजे वाट फुटायच्या आधीच कुठेतरी रस्ता तुटतोय.

त्यांनी स्विच चाचपला. किल्लीला सिस्टरनं घराच्या, कपाटाच्या, औषधाच्या पेटीच्या किल्ल्यांचा झुबका अडकवला होता. त्या वजनानं स्विच ढिला झाला होता, किल्ली घातल्यावर डुगडुगत होती. सापडला चोर, असं दोघांनाही वाटलं. झुबका निघाला, नवीन स्विच बसला. सिस्टर कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

पुढचा आठवडा नीट गेला. भीती ओसरू लागली होती. आणि मग गवंडी आजोबांकडे जाताना, त्याच वळणावर, तोच खड्डा चुकवताना, सगळं पुन्हा विझलं.

या वेळी तिच्या पाचावर धारण बसली. आधी निदान एक कारण तरी होतं, आता तेही उरलं नव्हतं.  गाडी टाकून पळावं असं वाटलं, पण अंधारात कुठे पळणार? मागून ट्रक शिरल्याचा आवाज आला. मागचा लाल दिवा बंद असलेली गाडी आणि गडद कपड्यातली बाई त्या ड्रायव्हरला वळण घेतल्याशिवाय दिसणार नव्हती, आणि वळण घेतल्यावर उपयोग नव्हता.

तिनं हँडलला हिसडा दिला. राग होता की भीती, तिला नंतरही सांगता आलं नाही. हँडल उजवीकडे गेलं आणि दिवा लागला. ती दचकली, हात सैल पडला, हँडल डावीकडे कललं, दिवा गेला. तिनं पुन्हा उजवीकडे ओढलं. लागला.

तेवढ्यात तिला जे कळायचं ते कळलं. तिनं दोन्ही हातांनी हँडल उजवीकडे गच्च धरलं, अंगाचा भार त्यावर टाकला आणि मागचा लाल दिवा पेटलेला ठेवला. एका अंगठ्यानं हॉर्न दाबून धरला. बोगदा त्या आवाजानं भरून गेला. ट्रकचा उजेड भिंतीवर आला, वाढला, मग ब्रेक किंचाळले. ट्रक तिच्यामागे थोड्याच अंतरावर थांबला.

ड्रायव्हर खाली उतरला. वयस्कर माणूस होता.

"बाई, तो लाल दिवा नसता तर मी थांबलो नसतो," तो म्हणाला. शिवी द्यायला उतरलो होतो, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. मग त्यानं ट्रकचे सगळे दिवे लावले आणि ती गाडी ढकलत बाहेर पडेपर्यंत माणसाच्या चालीनं मागे मागे आला.

संध्याकाळी अंगणात बाबांनी करंट येतो का ते दाखवणारा टेस्टचा बल्ब स्विचला जोडायला लावला आणि तिला हँडल फिरवायला सांगितलं. उजवीकडे, पेटला. सरळ, पेटला. डावीकडे अगदी टोकाला नेलं, विझला. बाबा हँडलच्या मानेपाशी बसले आणि वायरींचा जुडगा बोटांनी एकेक करून चाचपू लागले. त्यातली एक वायर त्यांनी चिमटीत धरली. वरचं आवरण शाबूत होतं, पण त्या एका जागी ती दोऱ्यासारखी मऊ लागत होती. वर्षानुवर्षं हँडलबरोबर वाकून वाकून आतली तांब्याची तार तुटली होती. सरळ असताना टोकं टेकायची, जोरात डावीकडे वळलं की सुटायची. स्टँडवर हँडल सरळ ठेवून कितीही तपासा, ती सापडणार नव्हती. दुसऱ्या दिवशी छोट्या पान्यानं तेवढा तुकडा कापून नवी वायर घातली, कथिलाचा डाग देऊन सांधा पक्का केला, आणि हँडल वळताना ताण पडू नये म्हणून ती मुद्दाम थोडी सैल ठेवली. मी हँडल फिरवून बघायला हवं होतं, असं तो दोन-तीनदा म्हणाला.

गाडी बरी झाली. सिस्टर झाली नाही.

बोगद्याच्या तोंडाशी जाऊन ती परत फिरायची. डोंगराला वळसा घालणारा लांबचा रस्ता तिनं धरला. त्यात निम्मा दिवस जाऊ लागला, काही पेशंट दुसरीकडे वळले, आणि गवंडी आजोबांची दिवसाआडची पट्टी तीन-चार दिवसांवर गेली. जखमेला वास येऊ लागला तेव्हा ती घरी येऊन चूल न पेटवता बसली. वायर कुठे तुटली ते सापडलं, पण माझ्यात काय तुटलंय ते सापडत नाही, असं ती बाबांना म्हणाली.

बाबांनी समजूत वगैरे घातली नाही. सकाळी ते चपला घालून अंगणात उभे होते.

"मी मागे बसतो," ते म्हणाले. "तिथे अंधार आहे म्हणतेस. मला काय फरक पडणार?"

पण फरक पडत होता. गाडी गल्लीतून निघाली तशी त्यांची बोटं तिच्या खांद्यात रुतली, आणि रस्ताभर ती सैल झाली नाहीत. बोगद्यात शिरताच इंजिनाचा आवाज चहूकडून अंगावर आला आणि बाबांचं सगळं अंग थरथरू लागलं. ते तिला पाठीवर जाणवत होतं.  वळण आलं. खड्ड्यात पाणी चमकलं. तिनं हँडल डावीकडे वळवलं, थोडं नाही, पुरतं. दिवा पेटलेलाच राहिला.

"सुरू आहे ना गं?" बाबांनी तिच्या कानाशी विचारलं.

"सुरू आहे, बाबा."

पलीकडे गवंडी आजोबांच्या ओसरीवर बाबांना बसवून तिनं जखम धुतली. पायाच्या अंगठ्याची कड काळी पडत होती. डॉक्टरला आजच दाखवायला हवं, असं तिनं तिथल्या तिथे सांगितलं. डॉक्टरांनी पुढे तो अंगठा काढला, पाय राहिला. हात धुताना तिचे हात कापत होते, पण जखम धुताना ते कापले नव्हते.

त्या दिवशी परततानाही ते बोगद्यातूनच आले. बाबा त्यानंतर पुन्हा गाडीवर बसले नाहीत. एकदा पुरे, म्हणाले. सिस्टर आजही त्याच वाटेनं जाते. भीती गेली, असं ती कधी म्हणत नाही. वळण जवळ आलं की वेग कमी करते, दिवा एकदा बघून घेते, आणि पुढे जाते.