भामरे आबांचा डावा हात

कॉलम अ‍ॅसिटोनने धुवायचा नसतो, हे मला तो धुतल्यावर कळलं. घरी कढई घासतो त्याच निष्ठेने मी तो धुतला होता. कॉलम म्हणजे पोलादी नळी. नव्या बनावटीच्या नशेच्या पावडरीत एकाच रेणूची डावी-उजवी, आरशातल्यासारखी दोन रूपं असू शकतात; ती वेगळी करतो नळीतला लेप. तो लेपच मी विरघळवला होता आणि मला पत्ता नव्हता.

धुळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख भामरे आबा. रोज सकाळी ते आधी अर्धं डावं, अर्धं उजवं असं माहितीतलं मिश्रण यंत्रातून सोडत. कागदावर प्रत्येक रूपाचं एक अशी दोन शिखरं उमटली, की मगच चहा. “आधी ओळखीचं, मग परकं,” म्हणत. त्या दिवशी आबा जळगावला साक्षीला गेले होते. मी थेट चहा घेतला.

तपासायला दोन पुड्या होत्या. एक पकडलेल्या विक्रेत्याची. दुसरी असोद्याच्या एका रिक्षावाल्याच्या सीटखाली सापडलेली. कुणी प्रवासी विसरला, असं तो सांगत होता. दोन्हींचं एकेकच शिखर, तेही एकाच जागी. मी ऐटीत लिहिलं, ‘एकच माल’.

परतल्यावर आबांनी विचारलं, “सकाळचा कागद?”

“आबा, जरा घाई होती...”

अहवाल शिपायासमोर टराटरा फाटला. “तुनं डोकं शे का डबडं?” आबा रागावले की अहिराणीत बोलत, फारच रागावले की शुद्ध मराठीत. आवाज खाली आला. “तो रिक्षावाला टोळीतला ठरला असता. तुम्ही मात्र देवपुरात आपल्या घरी जेवून झोपला असतात.”

आबांनी ओळखीचं मिश्रण सोडलं, तर त्याचंही एकच शिखर; कॉलम वाया गेला होता. नवा आला. आबांनी स्वतः तपासलं: विक्रेत्याच्या पुडीत दोन शिखरं, रिक्षातल्या पुडीत एकच. माल वेगळा. रिक्षावाल्यावरचं टोळीचं कलम गळालं.

पुढची दोन वर्षं मी फक्त काचसामान धुतलं. आबा मला नावाने नव्हे, ‘अ‍ॅसिटोन’ म्हणून हाक मारत. मीही वरिष्ठांकडे त्यांची लेखी तक्रार केली, त्यांच्या डब्यातल्या शेवभाजीलासुद्धा नावं ठेवली. समेट वगैरे झाला नाही.

निवृत्तीच्या दिवशी ते सगळ्यांशी हात मिळवत आले. मी उजवा पुढे केला, त्यांनी डावा. बोटं एकमेकांत बसेनात.

“वेगळे शेतस ना?” म्हणाले, आणि पुढे गेले.

घरी येऊन मी तासभर धुसफुसलो. “सगळ्यांदेखत! जाता जाताही!”

बायको पोळ्या लाटत होती. म्हणाली, “तुमची चूक त्यांनी दाराबाहेर जाऊ दिली नाही, आणि तुम्ही हात कुठला ते बघत बसलात. धुवा ते दोन्ही, पान वाढलंय.”