फुफ्फुसांच्या डॉक्टरांची बुरशी

आमच्या कॉलेजात इंटरनेट आलं, तेव्हा विभागात नव्यानं लागलेल्या प्राध्यापिकेनं माझे शोधनिबंध कुणी कुणी संदर्भाला घेतले ते शोधून दाखवलं. द्राक्षांवरची भुरी, कांद्याची सड, विहिरींचं पाणी यांत माझी उमेदीची वर्षं गेली होती. त्यांची दखल जवळजवळ कुणीच घेतली नव्हती. दिंडोरीच्या एका बागेत सापडलेल्या बुरशीवर मात्र मी सहज चार पानं लिहिली होती. ती पानं परदेशातल्या फुफ्फुसांच्या डॉक्टरांनी सतत वापरली होती, कारण तीच बुरशी त्यांच्या रुग्णांच्या फुफ्फुसांतही सापडत होती.

"मॅडम, पार्टी पाहिजे!" ती म्हणाली. मी नुसती हसले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"मग, आनंद झाला का?"

"होईल उद्या. आज फार दमलेय."

त्यानं कुकर लावला.